आईचं पारणं

महाल, नागपूर

प्रिय गुंजन,

तुला माझे आणि आईचे आशीर्वाद. आईचे असं लिहिताना हात जरा थांबला, पण लिहितो. ती समोरच बसली आहे, खिडकीतून खालच्या गल्लीतल्या गाड्या पाहत. तुझं नाव मोठ्यानं घेतलं की मान वळवते. ओळखून वळवते की नुसत्या आवाजानं, ते मला सांगता येत नाही.

परवा फोनवर तू फार चिडलीस. चिडणं बरोबरच आहे. व्हिडिओत माझा चेहरा पाहून म्हणालीस की बाबा, तुम्ही पुन्हा सुटलात, रात्रीचं पोटभर जेवता, दोन वर्षांची मेहनत पाण्यात घातलीत, आईचं असं झालं आणि आता तुम्हीही जिवाशी खेळता. मग म्हणालीस की आईला पुण्याच्या चांगल्या केंद्रात ठेवू, तिथे शिकलेल्या बाया असतात, वेळेवर भरवतात. मी हो-नाही काहीच बोललो नाही, म्हणून तू फोन ठेवून दिलास. बेटा, ती शेजारीच बसली होती. तिला काही कळत नाही असं डॉक्टर म्हणतात. तरी तिच्यासमोर ते बोलायला माझी जीभ वळेना. म्हणून लिहितो आहे.

उपासानं मला गुण आला नाही असं मी कधीच म्हणणार नाही. त्या दिवाळीला तू आलीस तेव्हा मला खाली वाकून बुटाची लेस बांधता येत नव्हती. लिव्हरवर चरबी, साखर काठावर, दोन जिने चढलो की धाप. तू माझ्या फोनमध्ये उपासाचे तास मोजणारं ते घड्याळ टाकून दिलंस आणि समजावलंस की सोळा तास बंद, आठ तास चालू, आणि हे महिन्या-दोन महिन्यांचं काम नाही, जन्मभराची शिस्त आहे. आई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "पोटाले शटर लावून राहिली का वं तू बापाच्या?" किती हसलो होतो आपण. आणि तू तेव्हाच तिला बजावलंस की आई, तू हे करायचं नाही, तुझी साखरेची गोळी चालू आहे. मीही बजावलं. तिनं मान डोलावली. हे तू विसरू नकोस. पुढचं वाचताना तर मुळीच विसरू नकोस.

मी सकाळी काही न खाता कळमेश्वरची बस धरायचो. कारखान्यात दुपारी एक डबा आणि बस सुटायच्या आधी दुसरा. गेटसमोर तर्री-पोह्याची गाडी लागते, तिच्याकडे पाठ करून उभा राहायला शिकलो. स्टोअरमधले नत्थूजी रोज टोमणा मारायचे, "काहून गा चंद्रभान, बायको जेवाले देत नाही का घरी?" मी हसायचो. पँटी ढिल्या झाल्या, आईनं त्या आत घेऊन शिवल्या. साखर उतरली, डॉक्टरांनी पाठ थोपटली. गल्लीतले लोक थांबवून विचारायचे. मला ते गोड वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

एक गोष्ट मात्र तेव्हाच मनाला टोचायला हवी होती. मी आंघोळ झाली की आधी वजनकाट्यावर उभा राहायचो आणि मग देवाजवळ बसायचो. लहानपणापासून एकादशी करतो. त्या उपासात आपण जेवत नाही ते कुणासाठी तरी जेवत नाही, समोर कुणीतरी असतो. ह्या नव्या उपासात समोर मीच होतो. माणूस स्वतःकडे इतका वेळ पाहत राहिला की घरातलं दुसरं माणूस नजरेआड होतं.

संध्याकाळी घरी आलो की स्वयंपाकाचा वास नको म्हणून मी मारुतीच्या देवळात जायचो. आरती, मग तलावाच्या बाजूनं फेरी. आईच म्हणायची, "तुम्ही या फिरून, मी जेवून घेतो मंग." परत येईपर्यंत ओटा पुसलेला, भांडी पालथी. तिची गोळी घ्यायची वेळ झालेली असायची. मी स्वतः पाण्याचा ग्लास नेऊन द्यायचो. तेवढंच आपण तिचं करतो, असं वाटायचं.

आता ताटाविषयी लिहितो. तुला त्या ताटाचा किती राग होता ते मला माहीत आहे. सावनेरकडच्या आपल्या गावात माझी आई माझ्या वडिलांच्या मागून, त्यांच्याच ताटात जेवायची. आमच्या शाळेत गुरुजींनी आरोग्याच्या धड्यात शिकवलं की दुसऱ्याचं उष्टं खाऊ नये. मी घरी येऊन आईला ते सांगितलं, तर ती पदर तोंडाला लावून हसली होती. लग्न झाल्यावर मी तुझ्या आईला, कौशल्येलाही तेच सांगितलं. तीही हसली. तू मोठी झाल्यावर तिच्याशी भांडलीस, ती आधी जेवत नाही म्हणून एकदा स्वतःच उपाशी झोपलीस. पहिल्या पगारात तिच्या नावाचं ताट आणलंस, कौशल्या असं कोरून. ते तिनं कुणाकुणाला दाखवलं नाही! पण जेवली नाही त्यात कधी. देवाचा नैवेद्य मांडायची. स्वतः मात्र मी उठलो की माझ्याच ताटात वाढून घ्यायची, तुझ्या आजोबांचं नाव असलेल्या. मी सांगणं सोडून दिलं होतं. सवय म्हटली आणि विषय संपवला.

त्या दिवशी एकादशी होती. दरवेळी एकादशीला रात्री आम्ही दोघं थोडी भगर खायचो, आधी मी, मग ती. शटर लागल्यापासून मी तीही सोडली होती. देवळातून आलो, तिला गोळी दिली, पाणी दिलं. सकाळी ती उठलीच नाही. अंग घामानं भिजलेलं, हाक मारली तर घशातून नुसता आवाज. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, रात्री काय खाल्लं होतं? मी लगेच म्हणालो, भगर आणि आमटी. अगदी पाहिल्यासारखं सांगितलं. त्यांनी साखर मोजली आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे पाहिलं. मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही, असं नंतर समजावून सांगितलं. द्वादशीला सकाळी पारणं करायचं म्हणून तिनं वाल भिजत घातले होते. मी चार दिवसांनी घरी आलो तेव्हा त्यांना मोड येऊन वास सुटला होता.

तू आलीस, दवाखान्याच्या जिन्यात माझ्यावर ओरडलीस, की तुमच्या एकादशीनं आईला खाल्लं, तुमच्या देवानं खाल्लं. तेव्हा मला खरं माहीत नव्हतं. तू पुण्याला परत गेल्यावर शेजारच्या रुखमाबाई आल्या, दाराशी बसून खूप रडल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाले सांगू का नको, माह्या जिवाले लागून राहिलं. वैनी रात्री जेवतच नव्हती. कितीक महिन्यांपासून. मी म्हणो, काहून वं, साखरेची गोळी खातं, जेव ना. त म्हणे, त्यायचं ताटच पडत नाही रात्री, त मी कशात जेवू?"

गुंजन, ही एकादशी नव्हती. एकादशीचा तो एकच दिवस. बाकी सगळ्या रात्री तिनं दुपारी खाल्लेल्या घासांवरच काढल्या. माझं ताट बंद झालं आणि त्याच्या मागे तिचंही झालं. तिनं कधी उपासाचा संकल्प केला नाही, हातावरून पाणी सोडलं नाही, म्हणून तिच्या लेखी तो उपासच नव्हता. आपण दोघांनी उपास करू नको म्हटलं, आणि ती आपलं म्हणणं पाळतच होती. हे मी तुला इतके दिवस सांगितलं नाही. तू देवाला दोष देत होतीस, देऊ दिला. तो सहन करू शकतो. ते घड्याळ तुझ्या हातानं माझ्या फोनमध्ये आलं होतं, आणि ती गोष्ट तुझ्या वाट्याला जावी असं मला वाटत नव्हतं. आजही तुझी काही चूक आहे असं मी मानत नाही. घरात माणूस जेवलं की नाही हे पाहायला पुण्याहून कुणी येत नसतं. ते त्याच घरातल्या माणसानं पाहायचं असतं.

आता रात्रीच्या जेवणाचं. नाकातली नळी काढून तिला घरी आणलं तेव्हा ती तोंडच उघडेना. जिजाबाई, आईला सांभाळायला दिवसा येते ती बाई, पेज घेऊन बसली, चुचकारलं, दटावलं, गाणं म्हटलं. ओठ घट्ट मिटलेले. रुखमाबाईंनी केलं, मी केलं. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर पुन्हा नळी घालावी लागेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला भोवळ आली, कारण मीही काही खाल्लं नव्हतं. जिजाबाईनं जबरदस्तीनं मला वाढलं, हाताला आलं त्या ताटात. ते आजोबांचं ताट होतं. मी आईसमोरच खाली बसलो आणि वरण-भात कालवून खाऊ लागलो. ती माझ्या हाताकडे पाहत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती कशाकडे तरी नीट पाहत होती. मी जेवून हात धुवायला उठलो, तर मागे ताट ओढल्याचा आवाज आला. तिनं ते आपल्यापुढे ओढलं होतं आणि रिकाम्या ताटात बोटं फिरवत होती. मी त्यातच वाढलं, आणि ती जेवली.

तिचं नाव कोरलेल्या ताटात वाढून पाहिलं, ती हात लावत नाही. खाण्याचं नुसतं सोंग केलं, तर तिला कळतं. चार घास खाऊन थांबलो की तीही चार घासांवर तोंड फिरवते. मी पोटभर जेवलो, तर ती पोटभर जेवते. तिला आता दिवसातून तीन वेळा जेवायलाच हवं, रात्री तर नक्कीच. म्हणून मी तिच्यासमोर तीन वेळा जेवतो, सकाळी बसच्या आधी, घरी परतल्यावर आणि रात्री. तुला माझा जो चेहरा सुजल्यासारखा दिसला, तो त्यामुळे. माझी साखर किती झाली आहे ते मी तपासून पाहिलं आहे, आणि डॉक्टर त्यावर काय म्हणतात तेही ऐकून घेतलं आहे. त्या केंद्रातल्या बाया शिकलेल्या असतील, पण त्यांच्या समोर आई उपाशी राहील. बेटा, आपल्या घरात जे तुला सगळ्यात जास्त नकोसं होतं, तिच्यात नेमकं तेवढंच उरलं आहे. तिचं नाव विचारलं तर तिला सांगता येत नाही.

आता मुख्य ते लिहितो. गेल्या महिन्यात बसमध्ये छातीत दुखलं. तपासणी झाली, तीन ठिकाणी नळ्या बंद आहेत. पुढच्या सोमवारी मला भरती व्हायचं आहे, छाती उघडून ऑपरेशन आहे. तुझ्यापासून लपवलं, त्याबद्दल भेटशील तेव्हा भांड. पण त्याआधी रविवारी इकडे ये. तूही तोच उपास करतेस, तुझं फोनमधलं घड्याळ संध्याकाळी सहाला बंद होतं, हे मला ठाऊक आहे. तरी रात्री आठला आजोबांचं ताट घे, आईसमोर खाली बस, मांडी घालून, आणि जेव. खरंखुरं जेव, तिला फसवू नकोस. तिच्याकडे सारखं पाहू नकोस, ती लाजते. जेवण झालं की ताट धुवू नकोस, त्यातच तिला वाढ. ती मला सोडून दुसऱ्या कुणाच्या मागे जेवेल का, हे मला माहीत नाही. रुखमाबाईंच्या मागे जेवली नाही. तुझ्या मागे जेवेल असं वाटतं, कारण तू माझ्यासारखाच भात कालवतेस, तीच म्हणायची. म्हणून एक रात्र मी घरी असताना हे करून पाहायचं आहे. तिनं तुझ्यापुढचं ताट ओढलं, तर मी निश्चिंतपणे त्या टेबलावर जाऊन पडेन. माझं काय व्हायचं ते मी देवावर सोपवलं आहे, पण हे त्याच्यावर सोपवता येत नाही. तुला हे सगळं पटणार नाही, मलाही कधी पटलं नव्हतं. पण तिला आता काही शिकवण्याची वेळ गेली. आधी तू जेव, पोरी. मग तिला भूक लागेल.

तुझाच,
बाबा