पोटचा आणि मांडीवरचा

अण्णा,

तुमची वही मी आता फक्त दसऱ्याला काढते, हळदकुंकू लावते आणि परत ट्रंकेत ठेवते. हेळव्याची वही अशी कुलपात पडलेली तुम्हाला आवडली नसती. पण मी शाळेत नोकरी धरली, आणि बैलावर वह्या लादून गावोगाव फिरायचं, लोकांच्या अंगणात घोंगडीवर बसून त्यांच्या पिढ्या म्हणून दाखवायच्या, नवीन जन्मलेल्यांची नावं लिहून घ्यायची, हे काम तुमच्याबरोबरच संपलं. "नदीचं मूळ अन् ऋषीचं कूळ बघू न्हाई म्हणत्यात. लोकांनी ते ऐकलं आस्तं तर आपुन काय खाल्लं आस्तं गं?" असं म्हणून तुम्ही हसायचात. नुकतेच कूळ बघायला लोक कवठ्याला माझ्या दारात आले, आणि मला काही हसू आलं नाही.

पाटणकडचं ते गडाखालचं गाव तुम्हाला आठवत असेल. मी नऊ वर्षांची आहे. मुलगा नाही म्हणून तुम्ही मलाच मोडी शिकवलीय, पिढ्या पाठ करून घेतल्यात. थोरल्या घराचं अंगण माणसांनी भरलंय. हे घर स्वतःला गडावरच्या जुन्या राजाचा वंश म्हणवतं. त्या राजाच्या जन्माबद्दल खोऱ्यात जितकी तोंडं तितक्या गोष्टी. कुणी म्हणे, राणी गडावर आली तीच पोटुशी. कुणी म्हणे, तो गुरवाला देवळात सापडला. आणि कुंभारवाड्यातल्या बायका हलक्या आवाजात सांगत की राणीचं बाळ दगावलं तेव्हा आमच्यातल्या एकीचं वर नेलं. आपल्या वहीत हेच होतं: 'पोटचा कुंभारणीचा, मांडीवरचा राणीचा.' त्या कुंभारणीचं पुढं काय झालं ते मात्र नाही. लेकराला घेऊन गड चढली एवढं लिहिलंय, उतरल्याचं कुठंच नाही. लहानपणी मला त्या कोऱ्या जागेची फार भीती वाटायची.

त्या दिवशी अंगणात पिढ्या म्हणताना तुम्ही ती कुंभारणीची ओळ सोडून पुढच्या पिढीवर गेलात. मला वाटलं, विसरलात. मी मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, कुंभारीण ऱ्हायली." तुम्ही फाडकन् थोबाडीत दिलीत आणि त्याच दमात पुढचं नाव घेतलंत. जन्मात एकदाच मारलंत मला. वाटेत बैलाला पाणी पाजताना म्हणालात, "वहीत हाय ते ऱ्हातंय. अंगणात किती काढायचं ते माणसं बघून. गाळायचं तेवढं गाळ, पर पदरचं घालू नगंस." गाल चुरचुरत होता, तरी मला ते पटलं होतं.

आता त्या गावात राजाचा पुतळा उभा राहतोय. मध्यंतरी तिथल्या एका कुंभाराच्या पोरानं फोनवर लिहिलं, राजा आमचा. त्यावरून त्याला चौकात मारलं, हात मोडला, त्यांची भट्टी फोडली. आणि गेल्या रविवारी भर दुपारी थोरल्या घरातले सहा जण माझ्या सोप्यात येऊन बसले. बोलत होते अगदी मऊ. त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

"आक्का, अण्णांची वही तुमच्यापाशी हाय म्हणं. आमच्या राजाच्या आईवर बोलत्यात ती लोकं. तुमी एकदा वाचा, हितंच, फोनफुडं. मंजी समद्यांची तोंडं बंद."

त्यांच्यातल्या एकालाही मोडी येत नव्हती. एकानं नेमकं विचारलं, "कुठल्या वळीत हाय, बोट ठेवा की." मी तुमच्या अक्षरावर बोट ठेवलं आणि वाचलं, 'राणीच्या पोटचा.' वाचताना आवाज जरासुद्धा कापला नाही, याची मला लाज वाटते. त्यांनी माझ्या सोप्यातच राजाचा जयजयकार केला, पाया पडले. निघताना त्यांच्यातला थोरला म्हणाला, "आक्का, आता शब्द फिरवू नगा बरं का." तेव्हापासून दारावरून मोटारसायकल हळू झाली की माझं शिकवण्यात लक्ष राहत नाही. शेजारणी म्हणतात, "बाई, तुमी फोनवर लय छान दिसलात."

मी मनाला समजावलं की अण्णांनीही तेच केलं होतं. पण तुम्ही गाळलं होतंत. मी पदरचं घातलं.

गुरुवारी त्या हात मोडलेल्या कुंभाराच्या पोराचा आजा आला. पहाटेची गाडी धरून, एकटाच. चहा घेतला, बशी पुसून खाली ठेवली आणि म्हणाला, "बाई, आमच्या म्हाताऱ्या सांगायच्या त्ये खोटं व्हय?"

मी म्हणाले, "व्हय. खोटं."

"मग पोरानं उगंच मार खाल्ला म्हणायचा," तो म्हणाला. "आता गेल्यावर त्यालाच माफी मागाय लावतो." मग उठून गेला, आणि मी त्याला फाटकापर्यंत पोचवायलाही गेले नाही.

हे पत्र कुणाच्या हाती पडायचं नाही, म्हणून तुम्हाला एक सांगते. त्या सहा जणांपुढं मी भ्याले, ते तुम्ही समजून घ्याल. पण गुरुवारी घरात आम्ही दोघंच होतो. दार लावलेलं होतं, फोन आतल्या खोलीत होता. त्याला खरं सांगितलं असतं तर तिसऱ्या कुणालाही ऐकू गेलं नसतं.