सोफ्यावरची वीस मिनिटं

रविवार, ८ फेब्रुवारी

लेक आली आणि घर तपासून गेली. बत्तीस वर्षं कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो मी, आणि ही माझ्याच घरात गुडघ्यांवर रांगत कोपरे बघत होती! सोळा तारखेला तिची रजा संपते. तोवर रोज दुपारपुरतं बाईसाहेबांना — म्हणजे नातीला, वय सहा महिने — माझ्याकडे ठेवून बघणार. जमलं तर नात माझ्याकडे, नाहीतर पाळणाघरात. तिथली जागा तिने धरून ठेवलीच आहे.

तिच्या यादीत सतरा कलमं. कपाट भिंतीला पट्टीने जखडायचं. प्लगांना झाकणं. भरलेली बादली उघडी नको. फिनेल वरच्या फळीवर. माझ्या बीपीच्या गोळ्या उशाशी सापडल्या तेव्हा मात्र खाली बघावं लागलं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

सोमवार, ९

ड्रिल मशीन काढलं. कपाट असं जखडलंय की आता भिंत पडेल, कपाट नाही. कॉटमध्ये कडक गादी, ताणलेली चादर, बस्स. मी कौतुकाने एक मऊ उशी ठेवली होती, ती लेकीने उचलली. झोपवायचं ते उताणं, रिकाम्या कॉटमध्ये, दर वेळी — इति लेक. तुला आम्ही दुलईत गुंडाळून वाढवलं, म्हटलं. तर म्हणे, नशीब माझं. खाण तशी माती!

मंगळवार, १०

तीन तास. एकदा रडली, दोनदा हसली. बायको गेल्यापासून या घरात माझ्याकडे बघून कुणी असं हसलं नव्हतं. मला ही पोर इथे हवी आहे.

बुधवार, ११

लिहू की नको.

कॉटमध्ये ठेवली की रडायची. छातीवर घेऊन सोफ्यावर टेकलो. पाचच मिनिटं, म्हटलं. जाग आली तेव्हा वीस मिनिटं उलटली होती आणि छातीवर कुणी नव्हतं. घसरून माझा दंड आणि सोफ्याची पाठ यांच्यामध्ये गेली होती, तोंड गादीत. उचललं. क्षणभर काहीच नाही — मग शिंकली. तिला घेऊन फरशीवरच बसलो.

लेक न्यायला आली. कशी होती, विचारलं. छान झोपली, म्हटलं.

गुरुवार, १२

झाकली मूठ सव्वा लाखाची. आज कॉटशेजारी स्टुलावर बसून राहिलो, पाठ न टेकता.

शुक्रवार, १३

लेक म्हणाली, "पाळणाघराला उद्या जागा नको म्हणून कळवते, बाबा. तुमच्याकडे असली की मला घोर नाही."

जेवण गेलं नाही. कारखान्यात नियम माझाच होता — थोडक्यात टळलेला अपघातही कागदावर आला पाहिजे. पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवरच्या एका कामगाराने लपवलं होतं. मशीनची संरक्षक जाळी सैल, त्याचा हात थोडक्यात वाचला, आणि नोकरी जाईल म्हणून हा गप्प. आठ दिवसांनी दुसऱ्या पाळीतल्या माणसाची दोन बोटं गेली. त्या प्रेसवाल्याशी मी पुन्हा कधी बोललो नाही. आणि आता मी कोण मोठा?

शनिवार, १४

एक पान लिहिलं, कारखान्यात लिहायचो तसं. तारीख, वेळ, काय घडलं, चूक कुणाची. चूक माझी. लेक पोरीला न्यायला आली तेव्हा दारातच हातात दिलं. वाचता वाचता तिचा चेहरा पांढरा पडत गेला. कागद पर्समध्ये कोंबला, पोरीला उचललं आणि जिना उतरली.

कॉटची चादर काढून घडी घातली. आता ती कशाला लागतेय! सांगितलं ते बरोबरच केलं, पण रडू आलं ते आलंच.

रविवार, १५

लेक एकटीच आली. कागद परत दिला. माझ्या ओळींखाली तिच्या अक्षरात आणखी तीन तारखा. दूध पाजता पाजता सोफ्यावर डोळा लागला, तीनदा. पहिल्यांदा लागला तेव्हा पोर अकरा दिवसांची होती. जावयालासुद्धा ठाऊक नाही.

डोळे जड झाले की आधी पोर कॉटमध्ये, मग रडली तरी चालेल, असं आम्ही दोघांनी ठरवलं. उद्या आठ वाजता तिला आणणार आहे. जाताना दारात थांबली.

"मला वाटत होतं बाबा, असं फक्त माझ्याच हातून होतं."