मशीन द्यावी का?

गुरुवार, संध्याकाळ

आज पुन्हा ती सकाळ आठवली. सडा टाकून झाला होता, मी भाकरी थापत होते आणि आमचे हे शिलाई मशीनला तेल देत बसले होते. बोटाला उरलेलं तेल त्यांनी नेहमीसारखं दाराच्या बिजागरीला पुसलं. तीच त्यांची शेवटची सकाळ. तेव्हा काय माहीत?

ते गेल्यापासून त्याच मशीनवर माझं पोट चालतं. आज तिचं डोकं तडकलं. मिस्त्री म्हणाला, "मावशी, वेल्डिंग करतो, पर जाड कापडाला पुन्हा उकलंल. ही मला द्या अन् मोटारवाली न्या."

द्या म्हणे. इतकी वर्षं यांच्या हातचं तेल प्यायलेली मशीन, अशी कशी द्यायची?

तेवढ्यात शेजारची कमल सदरा घेऊन आली. परवा त्यांची टोळी ऊसतोडीला निघते. "काकू, पाचटानं हात सोलून निघतात. जाड बाह्या लावा. डोळे पुसा, रडायचं ते आमी गेल्यावर रडा की, लई येळ हाय तुमाला!" हसली मेली. मीही हसले, पण पुरतं नाही.

बिजागरी करकरतेय. का कुणास ठाऊक, तिला तेल द्यायला हात धजत नाही.

शुक्रवार

कमल उद्याच निघते आणि जाड कापड जुनीला झेपलं नसतं, म्हणून मशीन मिस्त्रीला दिली. नवीवर कमलच्या बाह्या शिवल्या.