फळीच्या पोटावरचा निळा थर

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या निळ्या थराचा राग माझ्या डोक्यातून गेलेला नाही. काल माळ्यावरून ती फळी खाली काढली. मोठ्या पतंगाला स्वतःला बांधून घेऊन पाण्यावर पळायची फळी, जिला तुम्ही शेवटपर्यंत 'पाट' म्हणालात आणि आल्यागेल्याला "पोरीनं पाट केलाय, आता जेवायला कधी बसवती बघू" असं ऐकवत राहिलात. पुसायला म्हणून उलटी केली, तो थर होता ती जागा दिसली आणि पुन्हा डोक्यात तिडीक गेली. माणूस गेलं की त्याच्यावरचा राग आपोआप निवतो म्हणतात. असेल बुवा. माझा काही निवत नाही.

अंबडच्या आपल्या शेडमध्ये मी शाळेतून थेट यायचे. फायबरच्या टाक्या, दिंडोरीच्या बागायतदारांना द्राक्षांवर फवारणीसाठी लागणाऱ्या. दारातच थर चिकटवायच्या रेझिनचा वास नाकात घुसायचा आणि घरी आई मला आधी मोरीत ढकलायची. टाकी साच्यातून निघाली की तुम्ही चहाचा स्टीलचा चमचा उलटा धरून तिच्यावर सगळीकडे वाजवत फिरायचात. आवाज खणखणीत आला तर पुढे. कुठे भद्द आला, म्हणजे आत थर सुटलाय किंवा रेझिन पोचलेलं नाही, की कानावरची सुताराची लाल पेन्सिल काढून तिथे वर्तुळ. मग सगळ्यांना गोळा करायचं आणि ज्याचं काम असेल त्याला सगळ्यांसमोर विचारायचं, "हे कोणाचे हात रे?" मिस्त्री तुमच्याहून वयाने मोठे, पण त्यांनाही सुट्टी नव्हती. आणि प्रत्येक टाकीला ठरल्यापेक्षा एक थर जास्त. "थर जास्त झाला म्हणून कोणी टाकी परत आणत नाय." टाक्यांना एक थर जास्त, आणि स्वतःच्या नाकावर साधा रुमाल नाही! घासकामाची धूळ उडायची आणि तुम्ही त्यात उभे राहून चहा प्यायचात. शेवटी दम्याने बसून राहिलात, तेव्हाही मास्क आणून दिला की "मी काय डाकू हाय का" म्हणायचात. याचाही राग आहेच, पण तो वेगळा.

मला ती शेड हवी होती. सिन्नरच्या कारखान्यात ड्रॉइंग काढायची नोकरी करत होते, रोज एसटीने जात-येत होते आणि रोज रात्री जेवताना तुमच्याशी भांडत होते. "शिकलेल्या पोरीनं रेझिनमधी हात घालायचा नाय," एवढं एकच उत्तर. एकदा कंटाळून म्हणालात, "बरं, एक वस्तू करून दाखव. एकटीनं. चमचा वाजला पाहिजे." मी गोव्याला पाहिलेली ती फळी करायला घेतली. दोन महिने नुसते थरांचेच हिशेब. तुमची मॅट, म्हणजे तुटक धाग्यांची ती जाड चटई, मी घेतलीच नाही. ती रेझिन पिते आणि वजन वाढवते. फोमचा पांढरा गाभा, त्यावर वरून दोन आणि खालून दोन थर विणलेल्या काचकापडाचे. एक सरळ, दुसरा तिरका, कारण लाटेवर फळी नुसती वाकत नाही, पिळतेही. पाय येतात तिथे फक्त तिसरा. आणि तुमचं नेहमीचं रेझिन नको, इपॉक्सी नावाचं वेगळं रेझिन हवं, म्हणून ते मुंबईहून मागवलं. तुम्ही बोटाने कापड चाचपलंत. "हे तर लुगड्याच्या पदरासारखं हाय. चार थर मॅट मार, शंभर वर्षं टिकंल." मी म्हटलं, "नाना, मला पाण्यावर पळायचंय, पाणी साठवायचं नाहीये." मिस्त्री खुदकन हसले. तुम्ही नाही.

रविवारी मी थर लावून फळी सुकायला ठेवते आणि मंगळवारी संध्याकाळी सिन्नरहून येऊन बघते, तर फळीच्या पोटावर एका बाजूला, टाचेच्या जागी, परातीएवढा निळा थर. टाकीचा निळा! तुमची मॅट, तुमचं रेझिन, तुमचा रंग, माझ्या काचेसारख्या फळीवर. अंगाचा तिळपापड झाला. आणि वीस वर्षं हाच धंदा केलेल्या माणसाला एवढंही माहीत नसावं, की सुकलेल्या इपॉक्सीवर आपलं साधं रेझिन धड धरत नाही? शेडमध्ये इपॉक्सी कधी आलंच नव्हतं, पण मला विचारता आलं असतं. कडेला पटाशी घातली, तर पापडासारखा अख्खा थर सुटून हातात आला.

मग मी सगळ्यांना गोळा केलं, तुमच्याच पद्धतीने. तो थर नाचवत विचारलं, "हे कोणाचे हात?" कोणी हसलं नाही. मिस्त्री म्हणाले, "ताई, ऱ्हाऊ द्या ना." तुम्ही थर हातात घेतलात, उलटा करून पाहिलात, भिंतीला टेकवून ठेवलात आणि म्हणालात, "धरला नाय का? बरं." आणि चहाला गेलात. मी ओरडले, की तुम्हाला माझ्यावर विश्वासच ठेवायचा नव्हता, आता या शेडमध्ये पाऊल टाकणार नाही. नाही टाकलं. तुमच्यानंतर शेड मिस्त्रींनी चालवायला घेतली. ही गोष्ट मी लग्नानंतर नवऱ्याला, मुलीला, सगळ्यांना अशीच सांगितली आहे आणि ऐकणारा प्रत्येक जण माझ्याच बाजूने झाला आहे.

पण तुम्हाला अर्धी सांगून काय उपयोग. त्या थराखाली, माझ्या फळीवर, लाल पेन्सिलीचं वर्तुळ होतं. पांढऱ्या फोमवर कापडाचा कोरडा राहिलेला डाग मला दिसला नव्हता, तुमच्या चमच्याला कळला होता. तिथूनच फळी फुटली असती, धरणाच्या पाण्यात मधोमध. मिस्त्रींना तुम्ही सोडत नव्हतात, मग मला का सोडलंत? का नाही सगळ्यांना हाका मारल्या? 'हे कोणाचे हात' या एका प्रश्नासाठी मी दोन महिने राबले होते, नाना! लाज वाटली असती, रडलेही असते, पण दुसऱ्या दिवशी त्या शेडची माणूस झाले असते. तुम्ही माझी चूक झाकलीत, पाहुण्यांच्या मुलाने बशी फोडली तर झाकतात तशी. याचा राग आहे मला, रंगाचा नाही.

डाग मी नंतर घरीच कापून काढला आणि नवं कापड लावलं. फळी आजही शाबूत आहे. हे पत्र मी कुठे टाकणार, फळीबरोबर माळ्यावरच जाईल, म्हणून एवढं लिहून टाकते. सोललेल्या थराच्या पाठीवर त्या लाल रेघेचा ठसा उमटला होता. तुम्ही ती बाजू भिंतीकडे करून थर ठेवलात, तेव्हा तो ठसा माझ्या लक्षात आला. आणि फळीवरचं वर्तुळ कोणालाच दिसलं नाही, कारण ते मी ओढणीने घासून पुसलं होतं. आधी पुसलं, आणि मग सगळ्यांना हाक मारली.