सात मिनिटांचं रीळ

बुरुल एजे,

तुम्हांला एजे, थोरली बहीण, म्हणायला आज जीभ रेटत नाही.

काल आपल्या दिग्दर्शकाला, सागिनबेकला, जाऊन वर्ष झाल्याचं जेवण झालं. त्याच्या सिनेमांवरून वाद पेटला.

"सगळ्यात भारी घोडेचोरांचा!"

"हट्! लग्नाच्या गोंधळाचा. हसून पोट दुखलं होतं."

सगळ्यात पडेल कुठला, यावर मात्र एकमत. "'खारं तळं'! नवरा मेला तरी बाई आपली ठोकळ्यासारखी. बुरुलला रडताच येत नव्हतं."

सगळे हसले. मी खाली मान घालून जेवत राहिले.

तुम्ही रडला होतात. रीतीप्रमाणे तंबूच्या भिंतीकडे तोंड करून सात मिनिटं नवऱ्याचा शोक गायलात. शेवटी एकदाच वळून पाहिलंत, ते कॅमेऱ्याकडे नव्हे, सागिनबेककडे. मी त्याच्या शेजारीच उभी होते. त्यानं तुमच्याकडे जसं पाहिलं, तसं माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं.

संकलन माझ्याकडे होतं. "ते रीळ धुताना खराब झालं," मी त्याला सांगितलं. त्यानंतर तुम्हांला कुणी काम दिलं नाही.

काल पंगतीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या तोक्तोसुनदादांनी मेंढ्याच्या डोक्यातली जीभ कापून, बोलायचा मान म्हणून, माझ्या ताटात ठेवली. म्हणाले, "कालिपा, सगळे सिनेमे तूच जोडलेस. आता तूच सांग, त्याचं सगळ्यात चांगलं काम कुठलं?"

"घोडेचोर," मी म्हणाले.

खरं उत्तर माझ्या पलंगाखाली पत्र्याच्या डब्यात आहे. हे पत्रही त्यातच ठेवते आहे.

तुमची म्हणवून घ्यायला न धजणारी,
कालिपा