शेगडीपाशी येणारा वास

सौ. घरच्या मालकिणीस आशीर्वाद.

आम्ही सुखरूप आहोत. हे आधी वाच, मग पुढचं.

कालपासून इथे मुलाकडे स्वयंपाकघरात कुजका वास येत होता. मला वाटलं, माझ्या गुडघ्याच्या तेलाचाच असणार. मी दोनदा अंघोळ केली. सूनबाईलाही तसंच वाटलं, पण सासऱ्याला सांगायचं कसं? म्हणून आज ती गुपचूप सुवासिक मेणबत्ती लावायला निघाली. तेवढ्यात सिलिंडरवाला दारात आला आणि ओरडला, "ताई, काडी ओढू नका! गॅस गळतोय."

त्याने खिडक्या उघडल्या, नळी बदलली. म्हणाला, "आजोबा, गॅसला स्वतःचा वास नसतो. ही घाण मुद्दाम मिसळतात, माणसाला कळावं म्हणून."

जग अत्तरं करत असताना कुणीतरी आपल्यासाठी दुर्गंध करून ठेवला. कोण असेल गं तो देवमाणूस?

तू आयुष्यभर तोंडावर म्हणालीस, "अहो, वास मारतोय, आधी अंघोळ." मी रुसायचो. आज सूनबाईला सांगितलं, सासूसारखं बोलायला शीक.

तिकडची आपली नळीही जुनी आहे. पत्र बाजूला ठेव आणि शेगडीपाशी जाऊन वास घे. तुला येतो ना अजून नीट?

अंघोळ करूनच लिहायला बसलेला,
तुझाच