पट्टा न बांधलेला दिवस

आई, तू मला ढकललंस त्या दिवसाबद्दल लिहितेय. तू असताना हा विषय आपण दोघींनीही कधी काढला नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. परळच्या इस्पितळात तू ऑपरेशन थिएटरमध्ये आया होतीस. गोळीबारात जखमी झालेली माणसं येत होती आणि तू दोन दिवस घरी आली नव्हतीस. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. चाळीतल्या खोलीत मी एकटीच. रस्ते जरा शांत झाल्यावर शेजारच्या काकीने तुझ्यासाठी डबा भरून माझ्या हातात दिला. मी आठ-नऊ वर्षांची. बोटीवर कामाला असलेल्या मामाने आणलेला नायलॉनचा फ्रॉक मी मुद्दाम घातला, कारण तो माझ्या अंगावर तू अजून पाहिला नव्हतास. दारावरचा शिपाई ओळखीचा, त्याने आत सोडलं. पॅसेजच्या टोकाला थिएटरचं दार अर्धं उघडं आहे, तू उंबऱ्यापाशी ओल्या फडक्याने फरशी पुसते आहेस. मी धावत येते. मिठी मारणार एवढ्यात तू दोन्ही हातांनी मला मागे ढकलतेस.

"थंयच रव. माका हात लावू नको."

मी पडले, डबा घरंगळला, डाळ सांडली. तू ती पुसलीस, आत गेलीस आणि दार लावून घेतलंस. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर भात वैरता वैरता तू सांगितलंस की भूल द्यायचं ईथर पेट घेतं, असल्या नायलॉनच्या कपड्यांतून ठिणगी उडते, म्हणून तिथे सगळ्यांना सुती कपडे आणि फरशी सतत ओली. टेबलावर माणूस होता, एवढंच म्हणालीस. मला लागलं का, हे विचारलं नाहीस. मीही चार दिवस तुझ्याशी बोलले नाही.

तू गेलीस तेव्हा मी गिरगावातल्या एका दुकानात रेडिओ दुरुस्त करत होते. पुढे कॉम्प्युटर आले आणि मी सर्व्हर दुरुस्त करू लागले. सर्व्हर म्हणजे मोठा कॉम्प्युटर, सगळ्या कचेरीच्या नोंदी त्याच्या पोटात. त्यात पेट घेणारं काही नसतं, पण आपल्या अंगावर साठलेली वीज, जी आपल्याला जाणवतसुद्धा नाही, तेवढीही त्यातले भाग मारायला पुरते. म्हणून मनगटाला पट्टा बांधायचा, त्याची वायर मशीनच्या रंग न दिलेल्या पत्र्याला अडकवायची, म्हणजे अंगातली वीज तिकडे निघून जाते. भाग चंदेरी पिशवीतून शेवटच्या क्षणी काढायचा, तोही कडांना धरून. हे शिकवणारे साहेब म्हणाले की सुती कपडे घाला, तेव्हा मला हसू आलं. वर्गात कुणाला कारण सांगितलं नाही.

आणि मीच एकदा चुकले. दादरच्या एका रक्तपेढीत सर्व्हरची मेमरी बदलायची होती. मी लग्नाहून परस्पर गेले, अंगावर सिंथेटिक साडी, पट्टा घरी. पाच मिनिटांचं तर काम, म्हटलं. मशीन झटक्यात सुरू झालं. तीन आठवड्यांनी भर दुपारी बंद पडलं; अशी इजा कधी कधी उशिराच दिसते. मी पोचले तेव्हा माणसं जुन्या वह्या काढून एकेक बाटली ताडून बघत होती आणि बाकावर एक बाई नवऱ्यासाठी रक्त न्यायला थांबली होती. तिने मला विचारलं, "ताई, होईल ना?" मी तिच्याकडे न बघता पट्टा बांधला आणि काम सुरू केलं. तिला रक्त दोन तास उशिरा मिळालं. तिचा नवरा वाचला, हे मला चार दिवसांनी कळलं. ते चार दिवस मी जेवले की नाही, आठवत नाही.

भाग सदोष निघाला असं लिहून मोकळं होता आलं असतं, कुणी तपासलं नसतं. पण तिथल्या प्रमुख बाईंना मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी बांधा." त्यांच्या खोलीतून बाहेर पडताना मला तुझा चेहरा आठवला. ढकलल्यावरचा नाही, त्याच्या आधीचा. तू घाबरली होतीस, आई. इतक्या वर्षांत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आता प्रभादेवीच्या खोलीत मी एकटी असते. कामासाठी कुणी बोलावत नाही. हे पत्रही ड्रॉवरमध्येच राहणार आहे, तर एक सांगून टाकते. काल मी त्या प्रमुख बाईंना फोन केला. त्याही आता निवृत्त आहेत. आवाज शक्य तेवढा कामाचा ठेवून विचारलं की आपलं ते मशीन नीट चालतंय ना. त्या म्हणाल्या, अहो, ते भंगारात जाऊन किती वर्षं झाली. मला माहीत होतं, पण फोन करायला दुसरं निमित्त सुचलं नाही. ते उचलून नेलं त्या दिवशी वायरी मीच सोडवून दिल्या होत्या.